पंचवीस डॉलर भाड्याची खोली

हिप-हॉपचा, म्हणजे डीजे, रॅप आणि ब्रेकवरचा नाच यांचा, विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं: "गरिबीतूनच खरी कला जन्माला येते." धारावीतल्या एखाद्या मुलाचं गाणं गाजलं की ते बातमीत येतं, सत्काराच्या भाषणात येतं आणि ब्रॉन्क्सची गोष्ट सांगताना तर येतंच येतं. न्यूयॉर्कमधली एक वस्ती जळत होती, तिथल्या काळ्या आणि पोर्तो रिकन पोरांकडे काही म्हणजे काही नव्हतं, आणि त्या राखेतून हिप-हॉप उगवलं, अशी ती गोष्ट. ऐकायला बरी वाटते. मला मात्र ती खोटी वाटते आणि घातकही वाटते. कारण ती एकदा पटली की पोरांना काही द्यायची जबाबदारीच कुणावर उरत नाही. हाल जितके जास्त तितकी कला अस्सल, असा हिशेब मांडला तर शाळेत संगीताचा तास कशाला हवा, वस्तीत हॉल कशाला हवा?

म्हणून ती गोष्ट पैशाच्या हिशेबासकट पुन्हा पाहायला हवी.

११ ऑगस्ट १९७३. वेस्ट ब्रॉन्क्समधली १५२० सेजविक अव्हेन्यू ही उंच इमारत. एका बाजूला मेजर डीगन हा मोठा रस्ता, पलीकडे हार्लेम नदी. या इमारतीत राहणाऱ्या सिंडी कॅम्पबेलला शाळा उघडायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते. तेही जवळच्या बाजारातले नकोत, मॅनहॅटनच्या डेलान्सी स्ट्रीटवरचे हवेत, म्हणजे वर्गात दुसऱ्या कुणाच्या अंगावर तसे दिसणार नाहीत. 'नेबरहूड युथ कोअर' या सरकारी योजनेत ती काम करत होती आणि आठवड्याला ४५ डॉलर मिळवत होती. तेवढ्यात भागणार नव्हतं. मग तिने इमारतीतली रहिवाशांच्या करमणुकीची खोली पंचवीस डॉलर भाड्याने घेतली. छोट्या कार्डांवर हाताने जाहिरात लिहिली. प्रवेश मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. खायला हॉट डॉग, प्यायला सोडा. गाणी लावायला थोरला भाऊ क्लाइव्ह, वय वर्षं अठरा. यालाच जग पुढे डीजे कूल हर्क म्हणून ओळखायला लागलं.

हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हाच दिवस पाळला जातो. एका रात्रीत कुठलीही कला जन्मत नाही हे खरं, पण तारीख पाळायचीच तर हीच पाळावी असं मला वाटतं, कारण या रात्रीचा जमाखर्च आपल्याला ठाऊक आहे. सिंडीच्या हातातले पैसे आले सरकारने गरीब घरच्या तरुणांसाठी काढलेल्या रोजगार योजनेतून. 'मिचेल-लामा' ही न्यूयॉर्क राज्याने १९५५ साली सुरू केलेली योजना. सरकार बांधणाऱ्याला कमी व्याजाचं कर्ज आणि करसवलत देणार, बदल्यात त्याने भाडं आवाक्यात ठेवायचं. सेजविक अव्हेन्यूची इमारत त्याच योजनेतली. आवाजाची यंत्रणा वडिलांची. कीथ कॅम्पबेल एका स्थानिक बँडचं ध्वनिकाम बघायचे, त्यासाठी त्यांनी ती विकत घेतली होती. तिच्या तारा उलटसुलट जोडून बघत तिच्यातून जास्त आवाज कसा काढायचा हे क्लाइव्हने शोधलं.

रोजगार योजना, परवडणारं घर, रहिवाशांची खोली, कमावते आईवडील. यातलं एकही "काही नव्हतं" या रकान्यात बसत नाही.

ब्रॉन्क्सची वाताहत झाली नव्हती असं मी मुळीच म्हणत नाही. झाली होती, आणि भयंकर झाली होती. पण ती आभाळातून पडलेली नव्हती. रॉबर्ट मोझेस नावाच्या बलाढ्य अधिकाऱ्याने १९४८ पासून क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे वस्त्यांच्या पोटातून कापत नेला. ईस्ट ट्रेमाँट भागातल्या साधारण एका मैलात दीड हजारांच्या वर कुटुंबं उठवली गेली. दोनच गल्ल्या सोडून रस्ता नेला असता तर मोजकीच घरं गेली असती. रहिवाशांनी तसा नकाशा काढून समोर ठेवला, तो कुणी ऐकला नाही. बँका आधीपासूनच या भागांना कर्ज द्यायला तयार नव्हत्या, नकाशावर त्यांच्याभोवती लाल रेघ मारलेली होती. १९६८ पासून ब्रॉन्क्सच्या दुसऱ्या टोकाला को-ऑप सिटी नावाची पंधरा हजारांवर घरांची वसाहत भरायला लागली आणि ज्यांना जमलं ते तिकडे गेले. मागे राहिलेल्या इमारतींतून भाडं निघेना, तेव्हा काही मालकांनी विम्याच्या पैशासाठी त्या पेटवायला माणसं धाडली. नेमक्या याच काळात महापालिकेने रँड या संस्थेच्या संगणकी हिशेबावर भिस्त ठेवून सर्वांत जास्त आगी लागणाऱ्या भागांतलीच अग्निशमन पथकं बंद केली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्रॉन्क्समधल्या जनगणनेच्या सात विभागांनी आपल्या ९७ टक्क्यांहून जास्त इमारती आगीत किंवा ओस पडून गमावल्या. १९७६ साली शहराचे गृहनिर्माण प्रमुख रॉजर स्टार यांनी तर उघडच मांडलं की अशा भागांतल्या सेवा काढून घ्याव्यात आणि वस्ती ठरवून आटू द्यावी.

हे सगळं माणसांनी केलं, सह्या करून केलं. त्या सह्यांना हिप-हॉपची आई म्हणायला माझी तयारी नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्यात थोडं तथ्य आहे. शाळांचा पैसा तोडला, वाद्यं गेली, म्हणून पोरांनी रेकॉर्ड प्लेयरलाच वाद्य केलं, असा तो आक्षेप. पण तारखा बघा. न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या काठावर आलं, हजारो शिक्षकांना घरी बसवलं आणि कला-संगीताच्या तासांवर कुऱ्हाड पडली ती १९७५ साली. सिंडीची पार्टी त्याच्या दोन वर्षं आधीची. हर्क तोवर ब्रॉन्क्सच्या क्लबांमध्ये नाव कमावून बसला होता. कपातीने पुढच्या मुलांचं जे व्हायचं ते नुकसान केलं, पण पहिला दिवा तिने लावलेला नाही. आणि जळणं हेच कारण असेल तर १९६७ साली डेट्रॉइट जळालं होतं, नूअर्क जळालं होतं. हिप-हॉप तिथे का नाही झालं? कारण तिथे ही माणसं नव्हती आणि त्यांनी सोबत आणलेलं हे सामान नव्हतं.

सामान म्हणजे काय, ते जरा जवळून बघू. क्लाइव्ह जन्माने किंग्स्टनचा, जमैकाचा. १९६७ साली, बाराव्या वर्षी तो न्यूयॉर्कला आला. जमैकात रस्त्यावर मोठमोठे स्पीकर उभारून नाच करायची आणि रेकॉर्डवर माईकमधून बोलायची जुनी रीत होती, ती त्याने लहानपणी पाहिली होती. (आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. इथे डीजे म्हणजे तबकड्या हाताळणारा माणूस, आणि त्याची सगळी करामत बोटांत.) हर्कचं लक्ष गाण्याकडे कमी, नाचणाऱ्यांच्या पायांकडे जास्त असायचं. त्याच्या ध्यानात आलं की पोरं गाण्यातल्या एका ठरावीक जागेची वाट बघतात. गायक थांबतो, पितळी वाद्यं थांबतात आणि काही क्षण नुसता ड्रम-बास उरतो. हा 'ब्रेक'. तो आला की उरलेला वेळ कडेला उभी असलेली पोरं मधोमध येतात. पण तो असतो किती? मोजून काही सेकंद. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या, दोन टर्नटेबलांवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर, लावल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच सुरुवातीपासून, तोवर पहिली मागे न्यायची. काही सेकंदांची जागा हवी तितकी लांबायला लागली. जेम्स ब्राउनचं गाणं, इन्क्रेडिबल बाँगो बँडचं 'अपाची', असल्या रेकॉर्डी तो वापरायचा. त्या ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय. दुसऱ्या डीजेंना नावं कळू नयेत म्हणून तो तबकड्यांवरची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. हा धडा वडिलांचा.

हर्कची सुई मात्र अंदाजाने पडायची, ठेका चुकायचा. तो दुरुस्त केला जोसेफ सॅडलरने, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅशने. हा मूळचा बार्बाडोसचा. ब्रॉन्क्समधल्या सॅम्युअल गोम्पर्स या सरकारी तांत्रिक हायस्कुलात तो इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. तिथे शिकलेल्या विद्येवर त्याने एक बटण जोडलं, त्यामुळे लोकांना एक रेकॉर्ड ऐकू येत असताना त्याला हेडफोनमध्ये दुसरी आधी ऐकता यायची. ब्रेक कुठे सुरू होतो तिथे तबकडीवर रंगीत खडूने खूण करायची आणि किती फेरे उलटे फिरवायचे ते मोजायचं. तबकडीला बोट लावणं हे तेव्हा पाप समजलं जायचं. खालच्या रबरी चकतीवर तबकडी अडकायची, म्हणून त्याने फेल्टचा गोल कापला. आई शिवणकाम करायची, त्यामुळे फेल्ट काय चीज आहे हे घरात माहीत होतं. आईच्याच स्टार्चने त्याने तो कडक केला.

गरिबीतून कला येते असं सांगणाऱ्या गोष्टीत हा फेल्टचा तुकडा कधीच दिसत नाही. शिवणारी आई दिसत नाही आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी सरकारी शाळाही दिसत नाही.

ब्रॉन्क्समधल्या तरुणांच्या टोळ्यांचंही तसंच. "टोळ्यांनी मारामारी सोडली आणि नाचाने लढायला लागल्या," असं आपण एका दमात सांगून मोकळे होतो. २ डिसेंबर १९७१ रोजी 'घेटो ब्रदर्स' या टोळीचा ब्लॅक बेंजी नावाने ओळखला जाणारा तरुण दोन टोळ्यांतलं भांडण सोडवायला गेला आणि मारला गेला. रक्ताच्या बदल्यात रक्त, हा तिथला नियम. पण त्याच्या आईला सूड नको होता आणि टोळीचा नेता बेंजी मेलेंडेझ याने तो घेतला नाही. ८ डिसेंबरला होव अव्हेन्यूवरच्या बॉइज क्लबमध्ये सगळ्या टोळ्यांची बैठक झाली आणि तह ठरला. तो काही सर्वांनी कायम पाळला नाही. तरी पोरांना दुसऱ्याच्या गल्लीत पाऊल टाकायला थोडी मोकळीक मिळाली. दुसऱ्याच्या गल्लीत जाता येत नसेल तर कुणाच्या पार्टीला कोण जाणार? आणि ही बैठकही झाली ती मुलांसाठी चालवलेल्या क्लबात. पुढे नावारूपाला आलेल्या कितीतरी पार्ट्या सरकारी वसाहतींच्या समाजकेंद्रांत, शाळांच्या जिममध्ये, पोलिसांनी तरुणांसाठी चालवलेल्या क्रीडाकेंद्रात झाल्या. उन्हाळ्यात बागेत. बागेतल्या दिव्याच्या खांबातून वीज ओढायची आणि पोलीस येईपर्यंत वाजवायचं. ती बाग, तो खांब आणि त्यातली वीज सार्वजनिक होती.

मग पैसा आला, आणि तो कुणाकडे गेला हेही पाहण्यासारखं आहे. १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' हे गाणं गाजलं, रॅप, म्हणजे ठेक्यावर तालात ओळी म्हणणं, जगभर पोचलं ते त्याच्यामुळे. ते करणारा शुगरहिल गँग हा गट न्यू जर्सीत जमवलेला. त्यातल्या एका गायकाने म्हटलेल्या ओळी ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या. इतक्या जशाच्या तशा, की त्यात कॅझने स्वतःच्या टोपणनावाची अक्षर-अक्षर केलेली फोडसुद्धा तशीच राहिली. कॅझला त्याचे पैसे मिळाले नाहीत. 'अमेन ब्रेक' नावाने हजारो गाण्यांत वापरला गेलेला सहा-सात सेकंदांचा ठेका १९६९ साली ग्रेगरी कोलमनने वाजवला होता. तो २००६ साली बेघर अवस्थेत गेला, मानधनाचा पैसाही न बघता. आणि खुद्द हर्क २०११ मध्ये आजारी पडला तेव्हा त्याच्याकडे आरोग्य विमा नव्हता, चाहत्यांकडे मदत मागायची वेळ आली. बारा वर्षांनी, हिप-हॉपच्या पन्नाशीच्या दिवशी, यांकी स्टेडियममध्ये मोठा सोहळा झाला. त्याचा मला आनंदच आहे. पण हाल सोसल्याने कला खुलते असं म्हणणाऱ्यांनी हर्कच्या हॉस्पिटलच्या बिलातून कुठली कला खुलली ते सांगावं.

त्या इमारतीचं काय झालं? २००७ साली राज्याने हिप-हॉपचं जन्मस्थान म्हणून तिला मान्यता दिली. नेमकं तेव्हाच मालकाला ती मिचेल-लामा योजनेतून बाहेर काढायची होती, म्हणजे भाडी बाजारभावाने वाढवायला मोकळीक. भाडेकरू लढले, हर्क त्यांच्या बाजूने उभा राहिला. तरी इमारत विकली गेली, पुढे दुरुस्त्या रखडल्या, रहिवाशांचे हाल झाले. अखेर शहराच्या मदतीने ती परवडणारी घरं टिकवण्याचं काम करणाऱ्यांच्या हाती आली. सेजविक अव्हेन्यूच्या तेवढ्या भागाला आता हिप-हॉपचं नाव दिलेलं आहे. पाटी लावणं सोपं असतं, भाडं रोखणं अवघड.

हे सगळं मराठीत मांडावंसं वाटलं त्याला कारण आहे. रॅप आता आपल्याही भाषेत रुजलं आहे. आरेच्या जंगलासाठी मुंबईच्या 'स्वदेशी' या गटाने आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन २०१९ साली केलेलं गाणं ऐकलं तर हे उसनं सोंग नाही हे लगेच कळतं. २०२३ मध्ये राजकारणावर रॅप केलं म्हणून मराठी पोरांवर गुन्हे दाखल झाले, तेव्हा त्यात काहीतरी दम आहे हे सरकारलाही कळलं. काही जण म्हणतात, रॅप आपल्याकडे होतंच, शाहिरी, सवाल-जवाब, कलगी-तुरा. मला ही ओढाताण वाटते, ज्याचं श्रेय त्याला द्यावं. पण एका बाबतीत आपला आणि ब्रॉन्क्सचा अनुभव खरोखर सारखा आहे. गिरणगावातली कामगार रंगभूमी नुसत्या हालांवर उभी राहिली नाही. परळला १९२२ साली सोशल सर्व्हिस लीगने उभारलेला दामोदर हॉल होता, पुढे कामगार कल्याण मंडळाची केंद्रं आणि नाट्यस्पर्धा होत्या. पाळी संपवून आलेल्या माणसाला तालमीला जागा होती. दामोदर हॉल २०२३ पासून पुनर्विकासासाठी बंद आहे आणि त्याच्यासाठी कलावंतांना रस्त्यावर उतरावं लागलं.

माझ्या घराजवळ उड्डाणपुलाखाली संध्याकाळी सात-आठ मुलं ब्रेकिंगचा, म्हणजे त्याच बी-बॉय नाचाचा, सराव करतात. खाली जमीन खडबडीत, म्हणून कुठल्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स उलटा अंथरतात, गुळगुळीत पांढरी बाजू वर. डोक्यावर गिरकी घेताना टोपीच्या आत दुमडलेला पंचा ठेवतात. छोट्या स्पीकरचं चार्जिंग संपलं की वडापावच्या गाडीवरच्या मावशी त्यांना प्लग देतात. हाच नाच २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये होता, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी त्यांना हाकलतं, आणि ती अर्ध्या तासाने पुन्हा येतात.

समोरच झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत आहे, मुलं तिथलीच. अशा इमारतीत बालवाडी आणि कल्याण केंद्रासाठी जागा ठेवावी लागते, नियमच आहे तो. तिथेही ठेवली आहे. तळमजल्यावरचा चांगला प्रशस्त हॉल, दोन पंखे, ट्यूबलाइट. मी खिडकीतून डोकावले तेव्हा आत प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळती, मागच्या वर्षीचं मखर आणि कुणाच्या तरी कार्यालयाची जुनी कपाटं होती. दाराला कुलूप. मुलांनी दोनदा विचारलं. पहिल्यांदा सांगितलं, हॉल लग्नाकार्यासाठी आहे. दुसऱ्यांदा सांगितलं, नाचायला गेलात तर लाद्या फुटतील.

अशा वेळी जवळपासची शहाणी माणसं त्या मुलांना समजावतात, "अरे, पुलाखालीच करा, स्ट्रगल केल्याशिवाय आर्टिस्ट होत नाही." त्यांना मी सिंडीच्या पंचवीस डॉलरची गोष्ट सांगते. मुलांचं मागणं तेवढंच आहे: संध्याकाळी दोन तास, लागलं तर वर्गणी काढून भाडंही देतील. आता त्यांनी लेखी अर्ज केला आहे. अर्जाखाली मुलांच्या सह्या आहेत, मावशींची आहे, माझीही आहे. दर महिन्याच्या सभेत तो पुढच्या महिन्यावर जातो, आणि दर महिन्याला आम्ही त्याची नवी प्रत नेऊन देतो.